साकित्सूचे शिंपले

जपानच्या आमाकुसा बेटांतले साकित्सू हे कोळ्यांचे चिमुकले गाव. त्याचा एक धागा आपल्या गोव्याशी जुळतो, म्हणून मला ते जवळचे वाटते. गोव्याहून निघालेला झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचला. पुढे १५६९ मध्ये लुईस द आल्मेदाने साकित्सूत ख्रिस्ती धर्म नेला.

१६१४ मध्ये देशभर बंदी आली. पुढे गावच्या शोयाच्या, म्हणजे पाटलाच्या, घरी ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे. कोळी पाय ठेवीत आणि घरी शिंपल्याच्या आतल्या चकाकीत मेरी पाहून गुपचूप प्रार्थना करीत. पाद्री नव्हता, बापाने मुलाला तोंडी शिकवावे, एवढाच आधार.

१८०५ मध्ये साकित्सूसह चार गावांत असे पाच हजारांवर लोक उघडकीस आले. इतक्यांना शिक्षा केली असती, तर गावेच ओस पडती! अधिकाऱ्यांनी त्यांना केवळ 'चुकीच्या समजुतीचे' ठरवून सोडले.

१८७३ मध्ये बंदी उठली. १९३४ मध्ये बांधलेल्या चर्चची वेदी प्रतिमा तुडविण्याच्याच जागी आहे, असे सांगतात. २०१८ मध्ये गाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. मला मात्र तेथला खरा वारसा वाटतो तो पाय ठेवूनही मन न ढळू देणाऱ्या त्या कोळ्यांचा.