‘दाऊ’ गेला, ‘तू’ राहिला

काही शब्द बाजारातून जातात, घरातूनही जातात. देवळात मात्र टिकून राहतात. इंग्रजीतील ‘दाऊ’ हा असाच एक शब्द. त्याचा साधा अर्थ ‘तू’.

एके काळी इंग्रज मनुष्य लेकराला, मित्राला, सेवकाला ‘दाऊ’ म्हणत असे. ‘यू’ हे मूळचे अनेकवचन. तेराव्या शतकापासून फ्रेंच रीतीच्या प्रभावाने ते आपल्या ‘तुम्ही’प्रमाणे आदरार्थी वापरले जाऊ लागले. पुढे हा आदर इतका सर्रास झाला की, सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण बोलीतून ‘दाऊ’ जवळजवळ नाहीसा झाला. उरला तो प्रार्थनेत आणि पवित्र शास्त्रात. १५८२ साली ऱ्हीम्स येथे प्रसिद्ध झालेला कॅथलिक नवा करार असो की १६११ चे जेम्स राजाचे बायबल, एका व्यक्तीला उद्देशून ‘दाऊ’च येतो, देवालाही आणि सैतानालाही.

परिणाम मात्र उलटा झाला. केवळ प्रार्थनेतच ऐकू येणारा हा शब्द लोकांना अतिशय आदराचा, भारदस्त वाटू लागला. जवळिकीच्या शब्दाने अंतर निर्माण केले.

‘दाऊ’ अजून बोलला जात होता त्या इंग्लंडमध्ये फादर थॉमस स्टीफन्स १५४९ साली जन्मले. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. त्यात देवबापाला त्यांनी ‘तूं’ म्हणूनच आळविले. त्याच पिढीत इकडे बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस, दासोपंत (१५५१-१६१५) मराठीत लिहीत होते. त्या काळचे कितीतरी मराठी शब्द आज कोशात शोधावे लागतात. ‘आहे’ या अर्थाचा ‘आथी’ आता कोण बोलतो? ‘तू’ मात्र टिकला.

याच जिल्ह्यातील वडवणीचे लेकरू आपल्या आईला ‘तू’ म्हणते आणि देवालाही ‘तू’च म्हणते. त्यात अनादर नाही, हक्काचे प्रेम आहे. आपली मुले आज इंग्रजी शाळांत ‘दाय’, ‘दाऊ’ असलेल्या प्रार्थना पाठ करतात. त्या शब्दांचा अर्थ ‘तुझे’ आणि ‘तू’ असा आहे, एवढे आईवडिलांनी समजावून सांगितले, तर ज्या परमेश्वराला ती हाक मारतात तो त्यांना दूरचा वाटणार नाही.