मामांचा पेचकस

परवा बऱ्याच दिवसांनी चांदवडला जाणं झालं. रेणुकामातेचं दर्शन घेतलं, होळकरांचा रंगमहाल पुन्हा एकदा बघितला आणि मग पाय आपोआप आग्रा रोडकडे वळले. तिथे मामांचं गॅरेज होतं. आता नाही.

राहुड घाट चढून दमलेले ट्रक तिथे थांबायचे. मामा इंजिन चालू ठेवायला सांगत, हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवत आणि मूठ कानाशी धरत. "मामा, काय ऐकू येतं?" "गप रे, ऐकू दे." मग निकाल: ऑईल कमी आहे, किंवा बेअरिंग गेलंय. नव्वद नंबरचं ऑईल ओतलं की खरखर थांबायची. आम्हा भाचरांना ती जादू वाटे.

पुढे मामांचेच कान गेले. हातोड्याच्या आणि इंजिनांच्या आवाजात आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? पण ते कुणाला बोलले नाहीत. एका रात्री त्यांनी 'ठीक आहे' म्हणून सोडलेला कांद्याचा ट्रक घाटात अडकला, क्राऊन-पिनियनचे दात साफ गेले होते. सील गळून ऑईल संपलं होतं. कुणाला लागलं नाही, पण मामांनी महिन्याभरात गॅरेज बंद केलं. कारण विचारलं की विषय बदलायचे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली वाचलेला एक इतिहास. १९५० साली म्युनिकमध्ये योसेफ कायझर यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं की ताण दिलेला धातू आतल्या आत आवाज करतो, आणि तोच ताण पुन्हा दिला तर आधीची मर्यादा ओलांडेपर्यंत गप्प राहतो. (माणसांचंही असंच काहीसं असावं. असो.) पुढे १९५९ साली डाऊसन आणि हिगिन्सन या इंग्रज संशोधकांनी दातांमधल्या तेलाचं गणित मांडलं. प्रचंड दाबाखाली तेल घट्ट होतं, पोलाद किंचित दबतं आणि मध्ये जेमतेम मायक्रॉनभर, कधी त्याहूनही पातळ थर टिकून राहतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून कल्पना करा!

दातांचा पृष्ठभाग कितीही घासला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे राहतातच. थर त्यांच्यापेक्षा पातळ झाला की उंचवटे एकमेकांवर घासतात आणि धातूतून लहरी सुटतात. पण त्या साधारण एक लाख ते दहा लाख हर्ट्झच्या. माणसाचा कान वीस हजारांवर संपतो, तोही तरुणपणी. २००० नंतरच्या दशकात क्रॅनफिल्ड विद्यापीठात डेव्हिड एम्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालत्या गिअरवर हेच मोजलं. तेल तापून पातळ झालं की लहरी वाढत. मात्र वेग वाढवला तरी त्या वाढतात, त्यामुळे नुसता आकडा बघून निदान होत नाही. वेग, भार, तापमान सगळं माहीत असावं लागतं. मामाही आधी ड्रायव्हरला विचारायचेच, माल किती भरलाय, कुठून आलास.

म्हणजे खरखर कानाला ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा दात खायला सुरुवात झालेली असते. मामांचे कान शाबूत होते तेव्हाही ते उशिराच ऐकत होते. हे त्यांना सांगायला हवं होतं. मला कळलं तेव्हा ते नव्हते.

आणखी एक गंमत. तो सेन्सर गिअरबॉक्सवर नुसता ठेवून चालत नाही, मध्ये हवा राहिली तर लहरी पोचतच नाहीत. म्हणून आधी बोटभर ग्रीस लावतात.

पेचकस मामींनी जपून ठेवलाय. येताना मला दिला. मुठीचं लाकूड एका बाजूनं, कानाच्या बाजूनं, गुळगुळीत झालंय.