बाडाची वाट

माझ्या पहिल्या कादंबरीचं बाड कापडी पिशवीत घालून मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात उतरले, तेव्हा लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये तिसरं कुणी असतं, हे मला ठाऊक नव्हतं. लंडनमध्ये तो तिसरा माणूस १८७०च्या दशकातच उभा राहिला. ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थाने कादंबरीकार मित्र जॉर्ज मॅकडोनल्ड यांच्या कथा विकून दिल्या आणि त्यातूनच व्यवसाय घडला. दलाली १० टक्के. पुढे हार्डी, किपलिंगसारखे लेखकही वॉट यांच्याकडे आले. प्रकाशक हाइनमन यांनी या मध्यस्थांवर जाहीर टीका केली. पण लेखकाला कराराची भाषा जाणणारा पाठीराखा मिळाला. आपल्याकडे मात्र कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी मध्यस्थाविनाच वाट काढली: १८९०मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात स्वतःच्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. नवोदितांनो, बाड कुणाच्याही हाती द्या. करार मात्र शब्दन् शब्द वाचूनच सही करा.