सुगरण पक्ष्यातील जोडीदाराची निवड
लैंगिक निवडीचा सिद्धांत चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये विस्ताराने मांडला. त्यात मादीच्या पसंतीस महत्त्वाचे स्थान आहे. कोलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यातील किहीम येथे १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचे निरीक्षण करताना सालिम अली यांना या पसंतीचा प्रत्यय आला. नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो नर. ते अर्धवट असतानाच माद्या त्याची पाहणी करतात. पसंत पडल्यास मादी घरट्याचा ताबा घेते व नराचा जोडीदार म्हणून स्वीकार करते. नंतर नर ते पूर्ण करून दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो. नापसंत घरटी अर्धवटच राहतात. अंडी उबविण्याचा भार एकट्या मादीवर असल्याने सुरक्षित घरट्याविषयीचा तिचा चोखंदळपणा पिलांच्या हिताचा ठरतो. हे संशोधन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.