एका गोदीची दोन जहाजे

पर्यटनाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे ठिकाणांचा इतिहास लिहिला जातो, वाहनांचा क्वचितच. माझा स्वतःचा अभ्यास कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराविना, जुने आराखडे आणि अपघातांचे चौकशी अहवाल वाचत चालला आहे. त्या वाचनातून एक साधा प्रश्न पुढे आला. १९८८ साली अमेरिकेतल्या मायामी बंदरातून कॅरिबियन बेटांच्या आठवडाभराच्या सहलीला निघणाऱ्या प्रवाशाला दोन प्रचंड जहाजांतून एक निवडता येत होते. ही निवड नेमकी कशाची होती?

पहिले जहाज 'नॉर्वे'. मूळ नाव 'फ्रान्स'. १९६० साली सँ-नाझेरच्या गोदीत त्याचे जलावतरण झाले आणि १९६२ पासून ते अटलांटिक ओलांडू लागले. लांबी सुमारे ३१६ मीटर, वेग ३० नॉटच्या वर. मात्र तोवर विमानांनी महासागर काही तासांवर आणून ठेवला होता. तेलाचे भाव भडकले, सरकारने अनुदान थांबवले आणि १९७४ साली जहाज बंद पडले. ते वाचवण्यासाठी खलाशांनी ल हाव्र बंदराच्या तोंडाशीच जहाज ताब्यात घेतले. उपयोग झाला नाही. १९७९ मध्ये नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर यांनी ते विकत घेतले. चार पंख्यांपैकी दोन काढून टाकले, कारण आता कुठे लवकर पोहोचायचेच नव्हते. १९८० पासून ते मायामीहून सुटू लागले.

दुसरे जहाज 'सॉव्हरिन ऑफ द सीज'. जानेवारी १९८८ मध्ये पहिल्या सफरीला निघाले. ७३,००० टनांवरचे हे जहाजही त्याच सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेले. लांबीला 'नॉर्वे'पेक्षा जवळजवळ ५० मीटर कमी, तरी प्रवासी जास्त घेणारे. मध्यभागी पाच मजली उंच चौक, त्यात काचेच्या लिफ्ट. खोल्या मात्र लहान आणि बहुतेक एकसारख्या.

'नॉर्वे'वर खोल्यांचे असंख्य प्रकार होते, कारण मूळ जहाज दोन वर्गांसाठी आखले होते. कोणाच्या वाट्याला ऐसपैस खोली येई, कोणाच्या वाट्याला कोंदट कोपरा. शिवाय जहाजाचा तळ पाण्यात इतका खोल जाई, की सेंट थॉमससारख्या बंदरात ते धक्क्याला लागत नसे. बाहेर नांगर टाकायचा आणि प्रवाशांना होड्यांतून किनाऱ्यावर न्यायचे. त्यासाठी दोन मोठ्या होड्या जहाजावरच ठेवलेल्या असत. 'सॉव्हरिन'चा प्रवासी त्याच बंदरात जिना उतरून थेट धक्क्यावर पाय ठेवी.

म्हणजे एकीकडे जुन्या समुद्रप्रवासाचा डौल, दुसरीकडे सोय. पण दोन्ही सहलींत एक गोष्ट समान होती. 'नॉर्वे'च्या कंपनीने १९७७ सालीच बहामामधले एक छोटे बेट विकत घेतले होते. 'सॉव्हरिन'च्या कंपनीने हैतीचा लबादी हा किनारा भाडेपट्ट्याने घेतला होता. तिथली वाळू, जेवण, छत्र्या सगळे कंपनीचेच. हैतीच्या किनाऱ्यावर दिवस काढूनही हैती न पाहण्याची व्यवस्था तेव्हाच तयार झाली. माझ्या मते दोन जहाजांतला फरक जाहिरातीत दिसे तेवढा मोठा नव्हता. बेटांचे जहाजाचे अंगण होणे दोन्हीकडे सुरू झाले होते.

निवडीचा कौल बाजाराने दिला. पुढची जहाजे 'सॉव्हरिन'च्या वळणावर गेली. 'नॉर्वे'वर १९९० साली आणखी दोन मजले चढवून सर्वांत मोठ्या जहाजाचा मान परत मिळवला गेला, पण पोटातले बॉयलर जुनेच राहिले. २५ मे २००३ रोजी मायामीच्या धक्क्यावर त्यांतल्या एकाचा स्फोट झाला आणि आठ कर्मचारी मरण पावले. चौकशीत देखभालीतील आणि तपासणीतील हलगर्जीपणावर ठपका आला. वरच्या मजल्यांवर खर्च झाला तो प्रवाशाला दिसणार होता. बॉयलर त्याला कधीच दिसत नाहीत.

इथून ही कथा आपल्या दाराशी येते. २००६ साली 'ब्लू लेडी' या नावाने ते जहाज गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर चढवले गेले. आत शेकडो टन अ‍ॅस्बेस्टॉस असल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २००७ मध्ये तोडण्याची परवानगी मिळाली आणि ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश अशा राज्यांतून आलेल्या मजुरांच्या हातांनी अलंगची जहाजे तुटतात तसे तेही तुटले. 'सॉव्हरिन' २०२० साली, महासाथीत पर्यटन ठप्प झाल्यावर, तुर्कस्तानातल्या अलिआगा इथल्या भंगारकिनाऱ्याला लागले.

एकाच गोदीत जन्मलेल्या या दोन जहाजांच्या तुलनेत खोली, जेवण, बंदरे यांचे रकाने नेहमीच भरले जातात. बॉयलरखोलीतले आठ जण आणि अलंगचे मजूर यांचा रकाना मात्र कुठल्याच आराखड्यात मला आढळला नाही. तो भरल्याखेरीज कॅरिबियनच्या सहलींचा इतिहास पुरा होणार नाही.