कृत्रिम माश्यांची बारा नावे : एका पाठपरंपरेचा विचार

लोकर व पिसे गळाला बांधून कीटकाची प्रतिकृती करावयाची आणि तिने ट्राउट मासा धरावयाचा, या कलेचा इंग्लंडमधील इतिहास मुख्यतः तीन ग्रंथांवरून सांगितला जातो : विंकिन द वर्ड याने 1496 साली वेस्टमिन्स्टर येथे छापलेला गळाविषयीचा प्रबंध, लेनर्ड मास्कल याचे 1590 सालचे पुस्तक आणि आयझॅक वॉल्टन याचा 1653 सालचा ‘द कम्प्लीट अँग्लर’. 1496 च्या प्रबंधातील बारा माश्यांची यादी मार्चमध्ये सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपते. ती मास्कलच्या मार्फत पुढे आली व वॉल्टनमध्येही आढळते. यावरून दीडशे वर्षे ही कला जशीच्या तशी चालत आली, असे अनुमान करण्याचा मोह होतो. हे अनुमान कितपत टिकते, ते पाहू.

प्रथम वसंतारंभीच्या माश्या घेऊ. मार्चसाठी प्रबंधात दोन धूसर माश्या सांगितल्या आहेत. पहिलीचे अंग धूसर लोकरीचे व पंख तित्तिराच्या पिसांचे. वॉल्टनमध्ये ती तशीच उतरली आहे. दुसरीचे अंग काळ्या लोकरीचे आणि पंख काळ्याकुट्ट नर बदकाच्या पिसांचे असून, पंखाखाली व शेपटाखाली जे नावाच्या पक्ष्याचे पीस लावावयाचे आहे. वॉल्टनच्या पाठात हा पक्षी नाहीसा झाला असून बदकाच्याच शेपटाखालची पिसे उरली आहेत. शेपटाखाली काय लावावे, हे सांगणारे वाक्य पिसे कोठून घ्यावी, हे सांगणारे झाले. हा फरक माशी बांधणाऱ्याच्या हातून नव्हे, तर नकलकाराच्या लेखणीतून आलेला दिसतो.

नावांची साक्षही हीच आहे. मे महिन्याच्या आरंभीच्या माशीला प्रबंधात केवळ ‘चांगली माशी’ म्हटले असून तिचे अंग तांबूस लोकरीचे सांगितले आहे. वॉल्टनमध्ये वर्णनाचेच नाव होऊन ती ‘रडी फ्लाय’ बनली. ‘मॉर’चे ‘मूरिश’ आणि ‘टँडी’चे ‘टॉनी’ झाले. अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द येणे ही पोथ्यांच्या अभ्यासकाला नित्याची गोष्ट आहे.

याउलट चार्ल्स कॉटन याचे उदाहरण आहे. ‘द कम्प्लीट अँग्लर’च्या 1676 सालच्या पाचव्या आवृत्तीला त्याने जोडलेला दुसरा भाग डर्बीशर व स्टॅफर्डशर यांच्या सीमेवरील डव्ह नदीच्या अनुभवावर आधारलेला आहे. लंडनपासून दूर, खडकाळ खोऱ्यातून वाहणारी ही नदी त्याच्या घराजवळचीच होती. त्याची यादी जानेवारीपासून महिनावार चालते व तीत पासष्ट माश्या आहेत. तेवीस वर्षांत कीटक पाचपटींनी वाढले नव्हते; बारा हा आकडा ग्रंथाचा होता, पासष्ट हा नदीकाठचा.

महिन्यांची नावेही सावधपणे वाचली पाहिजेत. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत ज्युलियन पंचांग चालू होते. त्यामुळे वॉल्टनचा 1 मार्च म्हणजे आजच्या गणनेने 11 मार्च होय. कीटकांच्या ऋतुमानाची तुलना करताना हे अंतर नगण्य नाही.

तात्पर्य, पाठाचे सातत्य म्हणजे व्यवहाराचे सातत्य नव्हे. कारागिरीच्या इतिहासात एखादे विधान तीन ग्रंथांत आढळले, तरी ते तीन साक्षीदार ठरत नाहीत; पुष्कळदा साक्षीदार एकच असतो, आणि इतर दोघे त्याचे ऐकून बोलत असतात.