कांशाचीं जन्मांतरें

पॅरिसमध्यें सीन नदीवरील पाँ-न्यफ पुलापाशीं राजा चौथा हेन्री याचा अश्वारूढ पुतळा आहे. तो १८१८ सालचा. परंतु त्याचें कांसें त्याहून जुनें. तेथील १६१४ चा मूळ पुतळा क्रांतिकारकांनीं १७९२ त पाडून बहुतांशीं वितळविला. दगडी मूर्ति फोडली तर तिचे तुकडे तरी साक्षीला उरतात; कांशाची मूर्ति आटविली म्हणजे पराभूताचा देहच जेत्याच्या कामीं येतो.

पुढें नेपोलियननें शत्रूच्या तोफा आटवून व्हांदोम चौकांत विजयस्तंभ उभारविला. तो १८१० त पुरा झाला. दगडी गाभ्याभोंवतीं वेढे घेत चढणारे, युद्धप्रसंगांनीं भरलेले ४२५ ओतीव पत्रे, आणि शिरोभागीं स्वतः सम्राट! रोममधील ट्राजनच्या स्तंभाची ही उघड नक्कल होय. ओतकामही निकृष्ट दर्जाचें. १८१४ त सम्राट पदच्युत झाला, पुतळाही खालीं आला, आणि त्याच्याच कांशाचा उपयोग करून शिल्पकार लमो यानें नवा हेन्री घडविला.

१६ मे १८७१ रोजीं कम्यूननें स्तंभच पाडला. या वेळीं मात्र पत्रे आटले नाहींत. त्यामुळें तो पुन्हां उभारतां आला. स्तंभ हलवावा असें चित्रकार कूर्बे यानें १८७० त सुचविलें होतें. तेवढ्यावरून सुमारें ३,२३,००० फ्रँकांचा खर्च त्याच्या माथीं मारण्यांत आला. वर्षाला दहा हजार फ्रँक, असे तेहतीस वर्षांचे हप्ते ठरले. पहिला हप्ता भरण्याच्या आदल्या दिवशीं, ३१ डिसेंबर १८७७ रोजीं, तो स्वित्झर्लंडांत वारला.